व्होल्टेज वाढवल्याने आयन वाढत नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हवेत अत्यल्प असणाऱ्या वायूंच्या जलद मापनावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आयन-स्रोत (वायूच्या रेणूंना विद्युतभार देऊन आयन बनवणारा भाग) आणि हवा आत घेणारी नळी यांवर मी नाहक शाई खर्च केली, इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरचे (आयनांचा सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचे) व्होल्टेज चढवले की मास स्पेक्ट्रोमीटरची (आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) संवेदनक्षमता आपोआप वाढते आणि आपल्याकडे सिग्नल तसा दहापट झालाही, असे आपले म्हणणे आहे. तो झाला असेल, यात मला शंका नाही. पण नमुना नसताना येणारा पार्श्व-सिग्नलही दहापट झाला का, हे आपण लिहिलेले नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

मल्टिप्लायर येणाऱ्या प्रत्येक आयनामागे इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार करतो. व्होल्टेज वाढवले की लोंढा मोठा होतो, आयन तितकेच राहतात. समजा, एखाद्या वायूचे सेकंदाला 100 आयन डिटेक्टरवर पोचतात. समुद्रातून हवेत जाणारा वायू एडी कोव्हेरियन्स पद्धतीने (हवेच्या भोवऱ्यांबरोबर वर-खाली जाणारा वायू क्षणोक्षणी टिपून) मोजायचा तर सेकंदाला साधारण 10 नोंदी हव्यात, म्हणजे एका नोंदीच्या वाट्याला 10 आयन आले. मोजणीतली अटळ अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाएवढी, सुमारे 3, म्हणजे जवळपास 30 टक्के. त्यातून क्वाड्रुपोल, म्हणजे यंत्रातली वस्तुमानाची चाळणी, एका वेळी एकच वस्तुमान पुढे सोडतो, तेव्हा पाच वायू आळीपाळीने मोजू म्हटले तर प्रत्येकाला दोनच आयन उरतात. ही तूट स्रोतात अधिक आयन निर्माण करून आणि वाटेत कमी गमावूनच भरून निघेल.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. नैऋत्य मोसमी काळात गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ संपलेले पाणी वर येते आणि त्यात नायट्रस ऑक्साइड साचतो. हवेत तो दशलक्ष भागांत जेमतेम 0.34 भाग, तर कार्बन डायऑक्साइड 420 भागांहून अधिक, आणि दोघांचेही वस्तुमान स्थूलमानाने 44! साध्या क्वाड्रुपोलला त्यांतला फरक कळत नाही. अशा वेळी व्होल्टेज वाढवणे म्हणजे गोंगाटासकट ध्वनिक्षेपक मोठा करणे. कार्बन डायऑक्साइड आधीच रसायनाने शोषून घेतला, तर त्याहून कितीतरी अधिक साधते.

जुन्या, थकलेल्या मल्टिप्लायरबाबत आपला उपाय योग्यच आहे. लोंढ्याची घटलेली वृद्धी तेवढी भरून निघते, अर्थात त्याच्या आयुष्याच्या मोलाने.

राहता राहिली नळी. जुलैत आपल्याकडे दवबिंदू 24 अंशांच्या आसपास असतो आणि प्रयोगशाळेतले एसी 22 वर. भिंतीतून आत येताच नळीच्या आतल्या बाजूला दव धरते, अमोनियासारखे विद्राव्य वायू त्या पाण्यात मुरतात आणि सावकाश बाहेर पडतात. मग सेकंदाला 10 नोंदी घेऊनही हाती सरासरीच लागते. नळीला हीटिंग टेप गुंडाळणे हा दिखाऊ नसलेला, पण खात्रीचा इलाज.

आपण शुद्ध नायट्रोजन आणि ज्ञात प्रमाणाचे मिश्रण, दोन्ही जुन्या व नव्या व्होल्टेजवर मोजून पाहावे आणि सिग्नलचे गोंगाटाशी गुणोत्तर कळवावे. ते खरोखर वाढलेले असेल, तर आधीचे व्होल्टेज गरजेपेक्षा कमी होते, असे मी समजेन.