डब्यातली चार बोटं

माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी आईने माझ्यावर अफरातफरीचा आरोप ठेवला. रक्कम दहा रुपये.

"बिस्किटांचा वीसचा पुडा सांगितला होता. दहाचा आणलास आणि उरलेल्याचा वडापाव हाणलास." पुरावा म्हणून स्टीलचा डबा. वीसच्या पुड्याने तो झाकणापर्यंत भरायचा. आज वर चार बोटं रिकामी. माझ्या शर्टावर लसणीच्या चटणीचा डाग होता, पण तो वेगळा विषय.

रिकामं वेष्टन घेऊन दुकान गाठलं. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक काका पाव किलो शेंगदाणे घेण्याआधी खवट आहेत का ते बघत होते. मूठ-मूठभर. त्यांनी वेष्टन ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला.

"छापलंय की! ग्रॅमला सतरा पैसे."

"पण पूर्वी जास्त यायची हो."

"पूर्वी बिस्किटं, चहा, साबण ठराविक वजनातच विकायची सक्ती होती. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत त्या वजनांची अनुसूचीच होती. २०२१ च्या दुरुस्तीत ती गेली. आता वजन त्यांच्या मर्जीचं, फक्त ग्रॅमचा भाव छापायचा. तू वाचत नाहीस, त्याला कोण काय करणार?" एक शेंगदाणा. "अरे, घाल रे पुडा काट्यावर!"

"काका, प्लास्टिकसकट?" दुकानदाराने विचारलं.

"निव्वळ! निव्वळ वजन लिहिलंय."

"मग फोडावा लागेल. वीस रुपये."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पैसे काढले. मागे रांग लागली होती.

"१२१ ग्रॅम! लिहिलेत १२०," काका हर्षभराने म्हणाले. "एक जास्तच. उगाच लोकांवर संशय घेता." आणि तो जास्तीचा एक ग्रॅम म्हणून की काय, दोन बिस्किटं उचलली.

रस्ताभर चडफडत आलो. भाव वाढवा ना! माणूस निदान भांडतो, दुसरं काही घेतो. पण वीसची नोट तशीच ठेवायची आणि मालाला मात्र आतून वाळवी लावायची. आमच्या अंघोळीच्या साबणाला हल्ली कंबर आलीय. हातात नीट बसावा म्हणून म्हणे. इतकी वर्षं काय पायाने लावत होतो?

घरी येऊन उरलेली बिस्किटं डब्यात ओतली. झाकण कसंबसं लागलं.

"बघ," आई म्हणाली, "हा वीसचा. आणि तो शर्ट भिजत टाक."