बाह्या जरा लांबच ठेव गं

माझं कर्नाटकातल्या बेळगावात, वडगावला ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. २१ वर्षं बायकांची मापं घेतेय. माप घेताना बाई दोन मिनिटं हात पसरून उभी राहते. तेवढ्यात तिच्या घरातलं मला जे कळतं, ते कधी कधी तिच्या सख्ख्या आईलाही ठाऊक नसतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एक जण आली. जुनी गिऱ्हाईक. दंडाला टेप लावली तशी तिनं श्वास आत ओढला आणि म्हणाली, "बाह्या जरा लांबच ठेव गं, मनगटापर्यंत." ऐन लग्नसराईत, एवढ्या उकाड्यात. दंडाचा घेर सव्वाअकरा भरला. माझ्या वहीत फेब्रुवारीचं माप साडेदहा होतं. मी सव्वाअकरा लिहिलं आणि मग खोडून साडेदहा केलं, कारण सूज उतरल्यावर ब्लाऊज सैल झाला असता. तिला विचारलं काहीच नाही. "मंगळवारी ये" म्हटलं आणि पावती फाडून दिली. त्या खोडलेल्या आकड्याची मला अजून लाज वाटते. म्हणूनच हे सगळं लिहितेय.

मंगळवारी मात्र विचारलं. शटर अर्धं ओढून घेतलं आणि विचारलं. ती महाराष्ट्रातल्या चंदगडकडची, लग्न होऊन इकडे आलेली. म्हणाली, "दोनदा गेल्तो की माहेराला. बैठक झाली. परत आणून सोडले."

बैठक म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पोरगी मार खाऊन माहेरी आली की आठ-पंधरा दिवसांत दोन्हीकडची मोठी माणसं जमतात. भांड्याला भांडं लागायचंच, असं कुणीतरी म्हणतं. दुसरं कुणी धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची आठवण करून देतं. चहा होतो आणि पोरगी परत नांदायला जाते.

अशी एक बैठक आमच्याच सोप्यात बसली होती. १९९४ साल, मी नववीत. माझी आत्येबहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, पोटच्या पोराला काखेत घेऊन आली होती. चहाचे कप मीच नेऊन दिले. शेवटी एका फुलस्केप कागदावर लिहून झालं. पहिल्या ओळीत दाजींनी लिहून दिलं, यापुढे मारहाण करणार नाही. त्याच्या खाली आक्कानं लिहून दिलं, मी सासरी नीट नांदेन, विचारल्याशिवाय माहेरी येणार नाही. दोघांच्या सह्या झाल्या. मार तिनं खाल्ला होता, तरी हमी तिच्याकडूनही घेतली. सही करायला पेन माझ्या वडिलांनी खिशातून काढून दिलं.

माझे वडील वाईट नव्हते हो. गावात कुणाच्या अडीनडीला पहिले धावायचे. बैठकीला बसणारी बहुतेक माणसं अशीच भली असतात, घर मोडू नये म्हणून बसतात. पण मोडतं काय ते बघा. आक्का आता पन्नाशी ओलांडून गेली. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं, ही आमच्या घरातल्या लहान पोरांनाही सवय आहे.

हे दोन घरांपुरतं आहे असं वाटत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा बघा. २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आधीच्या पाहणीत हाच आकडा २०.६ होता. महाराष्ट्राचा २५.२ आहे, देशाचा २९.३. बायका आता जास्त मोकळेपणानं सांगायला लागल्या म्हणूनही कर्नाटकचा आकडा वाढला असेल. तसं असेल तर आधी किती जणी गप्प बसल्या होत्या त्याचा विचार करा. देशभरात मार खाणाऱ्या शंभर जणींतल्या जेमतेम १४ जणी कुणाकडे मदत मागतात. आणि मागितली की आपण बैठक बोलावतो.

बैठकीला न जुमानता एखादी पोलिसात गेलीच, तर पुढे काय होतं तेही मी बघितलंय. एका गिऱ्हाइकाबरोबर मी ठाण्यात गेले होते. तिनं सगळं मराठीत सांगितलं. केस धरून दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, दोन दिवस उठता येत नव्हतं, हे सगळं. समोरच्यानं कन्नडमध्ये लिहून घेतलं आणि सहीची जागा दाखवली. तिनं सही केली. घरी आल्यावर शेजारची सातवीतली, कन्नड शाळेत जाणारी पोरगी तो कागद वाचायला बसली. चौकट त्यात नव्हतीच. नवरा-बायकोत वादावादी झाली, एवढंच होतं. खरं तर लिहून घेतलेलं तक्रारदाराला वाचून दाखवायचं आणि प्रत फुकट द्यायची, असं कायद्यातच आहे. पण वाचून दाखवलं असतं तरी ते कन्नडमध्येच. कन्नडबद्दल माझ्या मनात काही नाही. माझ्या दुकानात निम्म्या बायका कन्नड बोलतात, त्यांच्याही दंडावर मी तेच बघते. सवाल असा आहे की ज्या कागदावर बाईचं पुढचं आयुष्य ठरतं, तो तिला वाचता येऊ नये?

आक्काला अख्ख्या आयुष्यात तिच्या भाषेत मिळालेला कागद एकच. तो बैठकीतला, नीट नांदेन म्हणणारा.

कायदा कागदावर तरी बराच भक्कम आहे, हे मला उशिरा कळलं. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. नुसता मारच नाही, शिवीगाळ आणि पैसे अडवून धरणं हीसुद्धा त्यात हिंसाच. या कायद्याखाली बाईला मदत करायला संरक्षण अधिकारी असतो. आपल्या राज्यात ते काम तालुक्याच्या सीडीपीओंकडे, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असतं, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंना विचारलं तरी वाट सापडते. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून त्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. बाईला वकील सरकारी खर्चानं मिळतो, तिची मिळकत कितीही असो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे, आणि अंगावर बेतलं तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२.

आपल्या भागासाठी सगळ्यात मोलाचं कलम २७ आहे. बाई तात्पुरती जिथं राहते, तिथल्या कोर्टात तिला दाद मागता येते आणि त्या कोर्टाचा आदेश देशभर चालतो. आपल्या लेकी गडहिंग्लजला, चंदगडला, कोल्हापूरला दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या. तरी सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. माहेरी बसून लढता येतं. माहेरानं बसू दिलं तर.

बसचंही सांगते, कारण पळून जायचं तर आधी बस लागते. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली. पण ओळखपत्र कर्नाटकातल्या पत्त्याचं पाहिजे. माझ्या त्या चंदगडच्या गिऱ्हाइकाचं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर. बदलायला कुणी नेलंच नाही. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार घरच्या कर्त्या बाईला मिळतात, ते तिच्या सासूच्या खात्यावर. तिच्या हातात महिन्याला किती येतात विचारलं तर म्हणाली, "बाजाराला देतात की, हिशोब द्यायचा परत."

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यातच, होसवंटमुरीत, मुलगा मुलीला घेऊन पळून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं होतं. हायकोर्टानं आपणहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्या गावालाही जाब विचारला. तेव्हा आपण सगळे हळहळलो. मीही हळहळले, आणि पुढच्या एप्रिलात टेप हातात धरून गप्प राहिले.

आता माझ्या मराठी माणसांना, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांना मनापासून सांगते. माझ्या माहेरी १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, चूल उशिरा पेटायची. १ जूनला हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन करायला मी लहानपणापासून जातेय. परिपत्रकं मराठीत द्या म्हणून आपण किती निवेदनं दिली, किती लाठ्या खाल्ल्या. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. हे सगळं माझंही आहे. पण इतक्या वर्षांत बाईचा तक्रारअर्ज तिला मराठीत द्या, ही मागणी आपल्या एकाही निवेदनात मी वाचलेली नाही. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या नियमांत बाईला तिचे हक्क सांगणारा एक नमुना आहे, फॉर्म ४. तो इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत द्यायचा असं लिहिलंय. खानापुरात, येळ्ळूरला, उचगावला स्थानिक भाषा कोणती, हे आपल्याहून ठासून कोण सांगणार?

म्हणून पुढच्या निवेदनात हे घाला. फॉर्म ४ मराठीत छापून प्रत्येक अंगणवाडीत ठेवावा. तक्रार लिहून घेतल्यावर ती मराठीत वाचून दाखवावी. संरक्षण अधिकाऱ्याकडे मराठी जाणणारं एक माणूस असावं. आणि निवेदन द्यायला जाणाऱ्यांतल्या कुणाच्या घरी या महिन्यात बैठक ठरली असेल, तर तिथं पोरीकडून काहीही लिहून घेऊ नका.

मसुदा मी लिहून देते. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा या.