आळस नाही हो काकू

काकू, दोन मुलांतल्या अंतराबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शिकलेल्या मुलींना मोबाईलवर सगळं कळतं तरी तांबी (कॉपर-टी) नको, गोळ्या नको, नुसता आळस, आणि दिवस गेले की खापर सासूवर, असं तुमचं म्हणणं. त्यातलं सासवांबद्दलचं माझं वाक्य जरा तिखट झालं, मान्य (पूर्ण मागे नाही घेत हं). पण आळस? नाही पटलं.

माझंच सांगते. माझ्या दोघांत सोळा महिन्यांचं अंतर. रामबागेत वाढलेली, बी.एस्सी. झालेली मी, आणि अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे काही होत नाही हे डोक्यात पक्कं. ते पूर्ण खोटंही नाहीये, तोच तर घोळ! बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू नाही आणि दिवसरात्र फक्त आईचंच दूध, हे तिन्ही असेल तरच चालतं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात लेकीचं उष्टावण झालं, वरणाचं पाणी सुरू, पाजणं कमी, आणि पाळी यायच्या आधीच बीज सुटून दिवस राहू शकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तांबीचं विचारलं होतं, नाही असं नाही. कधी? तर कळा चालू असताना, "लगवा लो, अभी हो जाएगा" म्हणत नर्सने कागद पुढे केला. मी नाहीच म्हणणार ना! बाळामागून वार पडल्यावर दहा मिनिटांत नाहीतर 48 तासांच्या आत बसवता येते, सोय चांगलीच आहे, पण ते सातव्या महिन्यात शांतपणे सांगा ना. नंतर सव्वा महिना माहेरी शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू, तिथे हा विषय काढायची चोरी, आणि सासरी आलं की "दोन एकदम उरकून टाका". डॉक्टर मात्र सांगतात की पुढचे दिवस राहायच्या आधी निदान दोन वर्षं जाऊ द्या. छाया नावाची दिवस न राहण्याची गोळी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे मला दुसऱ्या बाळंतपणानंतर आशा दीदीकडून कळलं.

आणि आळसच मोजायचा तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत बायकांचं ऑपरेशन 37.9 टक्के जोडप्यांत आणि पुरुषांची नसबंदी 0.3, ती पण बिनटाक्याची असते तरी!

तुमच्या सुनेला सातवा लागलाय म्हणालात ना, मग पुढच्या तपासणीला मुलाला पण पाठवा. बाहेर स्कूटरवर बसून राहायला नाही, आत.