लक्षणांची वाट पाहू नका

फॅटी लिव्हरवरच्या (यकृतात चरबी साचणं) एका लेखात थकवा आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं ही लक्षणं दिली आहेत. बरोबर, पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. खरी खूण कमरेवर: पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमीच्या वर घेर, मानेवर काळसर जाड कातडी, जोडीला शुगर.

सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड १’वर निर्धास्त राहू नका. ग्रेड चरबी सांगतो, यकृत किती कडक झालंय ते नाही. एसजीपीटी (रक्ततपासणीतलं यकृताचं एन्झाइम) नॉर्मल असूनही यकृतात वण (फायब्रोसिस) असू शकतात. त्यासाठी फिब-४, म्हणजे वणांच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा, काढा. वय गुणिले एसजीओटी (यकृताचं दुसरं एन्झाइम). त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं भागा. वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख: २००० भागिले १२००, म्हणजे १.६७. १.३ च्या खाली धोका कमी (पासष्टीनंतर २ धरा), २.६७ च्या वर जास्त. मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करावा.

डोळे पिवळे, पोटात पाणी, काळी शौच दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन ७ ते १० टक्के उतरलं की चरबी, सूजही कमी होते. आपल्या सोलापुरात ज्वारीची कडक भाकरी आहेच, पण चार खाल्ल्या तर तीही नडते. शेंगाचटणी चमच्यानं मोजा, वाटीनं नको.