पावलाला नाक नसतं

जातीवरून, बायकांवरून हिणवणाऱ्या म्हणी पाठ्यपुस्तकातून काढाव्यात की वारसा म्हणून ठेवाव्यात, हा आपल्याकडचा वाद दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये बसून वाचताना एक गोष्ट फार खटकते. दोन्हीकडचे लोक म्हणीचा अर्थ धरून भांडतात. ती कोण, कुणाला, कोणत्या वेळी ऐकवतं, हे कुणी विचारत नाही. इथल्या झुलु आणि खोसा भाषांत संस्कार घडतो तो तिथेच.

‘इसाला कुत्शेल्वा सिबोना न्गोमोफो’, म्हणजे सांगून न ऐकणाऱ्याला रक्त वाहिल्यावरच दिसतं. खोसात शेवट बदलतो: ‘सिवा न्गोलोफु’, वाफेचा चटका बसल्यावर कळतं. ‘इसाला’च्या सुरुवातीचा ‘इसि’ हा उपसर्ग (इथे ‘इस’ झालेला) खुर्चीला, भांड्याला, भाषेलाही लागतो (इसिझुलु), कुणा एका माणसाला नाही. त्यामुळे चारचौघांत पोराचं नाव निघत नाही, पण बोलणं कुणाला आहे ते त्याला बरोबर कळतं. आपली ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशीच कुणाकडे बोट न दाखवता बोलते. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हटलं की ती गुणांपुरती उरते.

‘उन्यावो अलुनाम्पुमुलो’: पावलाला नाक नसतं. वाट कुठे नेणार याचा वास त्याला आधी लागत नाही, म्हणून दारी आलेल्याला परतवू नये. उद्या आपण कुणाच्या दारात असू सांगता येत नाही. एवढी सुंदर म्हण असूनही मे २००८ मध्ये याच देशात परक्यांवरच्या हल्ल्यांत ६२ माणसं मेली. परप्रांतीयांवरून तापणाऱ्या महाराष्ट्राने हे नीट पाहावं. नुसत्या पाठांतराने काही होत नाही. १९९५ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने फाशी रद्द केली, तेव्हा न्यायमूर्ती इव्हॉन मोकगोरो यांनी ‘उमुंतु न्गुमुंतु न्गबांतु’ (माणूस माणसांमुळे माणूस) ही म्हण निकालपत्रात आणून तिच्यावर युक्तिवाद उभा केला. म्हण अशी कामाला लावावी लागते.

आता नकोशी म्हण. ‘इंग्च्वाबा लेंतोंबी लिसेम्झिनी’. यातला ‘च’ आपण हळहळताना जीभ दातांमागे आपटून ‘च्च’ करतो, जवळपास तसा. अर्थ: मुलीची कबर सासरीच. नांदवेना म्हणून माहेरी आलेल्या मुलीला ही ऐकवतात. आपल्याकडे ‘दिल्या घरी सुखी राहा’ नेमकं त्याच वेळी निघतं. पुस्तकातून काढल्याने ते घरातल्या मोठ्यांच्या तोंडातून जात नाही, उलट पोरीला उत्तर शिकायची जागा तेवढी जाते. वर्गात आधी प्रसंग सांगावा, मग कोण कुणाला म्हणतंय ते विचारावं, मग म्हण फळ्यावर लिहावी आणि तिच्याशेजारी तिला भिडणारी दुसरी.

इथे ती तयार आहे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी काळ्या लोकांना सतत परवाना (पास) जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध सुमारे २०,००० बायका प्रिटोरियात सरकारी कचेरीवर चालून गेल्या, तेव्हा गाण्यातून घुमलेली: ‘वाथिंत अबाफाझी, वाथिंत इंबोकोडो’. बाईला हात लावलास, म्हणजे इंबोकोडोला लावलास. इंग्रजीत त्याचा खडक झाला. मूळ शब्द धान्य वाटायच्या, हातात धरायच्या दगडाचा आहे; आपल्या पाट्यावरचा वरवंटा.