कारागिराला डिजिटल कसे करावे

आपण एखाद्या पारंपरिक कारागिराला डिजिटल करण्याचे व्रत घेतले असेल, तर कोल्हापुरात चप्पल बांधणाऱ्यांसाठी अलीकडेच भरलेल्या एका कार्यशाळेचा कित्ता अवश्य गिरवावा. हेच काम करणाऱ्या माझ्या काकांबरोबर मीही तेथे दिवसभर बसलो होतो.

कार्यशाळा ऐन लग्नसराईत ठेवावी. स्लाइड इंग्रजीत असाव्यात. नोंदणीसाठी बोटांचे ठसे सक्तीचे करावेत आणि कातडे कापायची रापी चालवून, दोरा ओढून ज्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, त्यांना ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे यंत्राकरवी सांगावे.

मग त्यांचा माल ऑनलाइन विक्रीस लावावा, परतीचे नियम मात्र कारखान्यातल्या बुटांचेच ठेवावेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे दर वेळी निराळी छटा घेते. तरीही ‘रंग छायाचित्रासारखा नाही’ ही तक्रार ग्राह्य धरावी. काकांचा कापशी प्रकारच्या कोल्हापुरी चपलांचा जोड याच कारणाने गेल्या महिन्यात परत आला. तळाला चिखल होता, एक गोंडा तुटला होता. म्हणजे वरातीत नाचेपर्यंत गिऱ्हाइकाला रंग चालला होता! जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे काकांच्या पैशांतून कापले गेले, तक्रारीला यंत्राने ‘आपली अडचण समजली’ असे कळवून ती बंद केली आणि वर सेवेला किती तारे द्याल, असेही विचारले. ज्या हातकामासाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तेच येथे सदोष माल ठरले.

प्रमाणपत्रवाटपाचे छायाचित्र विसरू नये.

उधारीचा विषय निघालाच, तर थकबाकीची तक्रार नोंदवण्याचे संकेतस्थळ दाखवावे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. पण वर्षभर माल उचलणारा व्यापारी एकच असेल, तर त्याच्याविरुद्ध तक्रार करून कारागिराने पुढच्या महिन्यात खायचे काय, असे एकाने विचारले, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आले नाही. पुढची स्लाइड आली.

पुरे झाले हे. काका पायाचे माप व्हॉट्सअॅपवर मागवतात, पैसे क्यूआर कोडवर घेतात आणि यातले काहीही त्यांना तुमच्या कार्यशाळेने शिकवलेले नाही. अडाणी ते नाहीत. कातडे कसे कमावतात हे ठाऊक नसताना त्यांच्यासाठी नियम लिहिणारे तुम्ही आहात. आधी एक दिवस त्यांच्या दुकानात बसा, तो परतीचा नियम बदला आणि तक्रार ऐकायला मराठी बोलणारा एक माणूस नेमा.