नैराश्याच्या गोळ्यांविषयी माझ्या नावावर फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘नैराश्याच्या गोळ्या निरुपयोगी, आजच बंद करा, असे ठाण्यातील मनोविकारतज्ज्ञच सांगतात’ असा संदेश माझ्या नौपाड्यातील व्याख्यानाचा हवाला देऊन सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरत आहे. गोळ्या बंद करा, असे मी म्हटलेले नाही.

मी म्हणालो होतो ते असे : ‘मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन) कमी पडते म्हणून नैराश्य येते’ हे आम्ही डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सांगितलेले सोपे स्पष्टीकरण पुराव्यावर टिकत नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये घेतलेल्या आधीच्या संशोधनाच्या आढाव्यातही त्याला सातत्यपूर्ण आधार सापडला नाही. मात्र गोळ्या गुण देतात की नाही, हा त्या आढाव्याचा विषयच नव्हता. तो प्रश्न २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणाने तपासला, प्रौढांच्या नैराश्यविकारात तपासलेली २१ही औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र माफकच होता. ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही, तरी पॅरासिटामॉलने उतरतो.

पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून रुग्णाला वाटेला लावण्यावर आणि दुःखालाही आजाराचे लेबल चिकटवण्यावर मी टीका केली, ती मागे घेत नाही.

संदेश वाचून गोळ्या एकदम सोडलेल्या एक बाई सोमवारी अर्धी राहिलेली स्ट्रिप घेऊन आल्या. चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होत होती. औषध थांबवायचेच असेल, तर ते आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे किंवा महिने घेऊन, टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. व्याख्यानात मी हेही सांगितले होते, पण संदेशातून नेमके तेच वाक्य गळाले आहे.